कार्तिकातला अखंड सिग्नल

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

मला रोजनिशी लिहायची सवय नाही. लिहावं लागतंय ते कस्तुरीमुळे. कस्तुरी म्हणजे माझी सून, बँकेत आहे. आज जेवताना ती म्हणाली की प्रोजेक्टर कुठल्या तारेने जोडायचा याबद्दल मी दिवाळीत एक बोलले आणि आता दुसरंच बोलते. मी दुसरं कधीही बोलत नाही. पण पुरावा नव्हता. यापुढे असेल.

वस्तुस्थिती अशी. माझा मुलगा निनाद गोरखपूरला रेल्वेत आहे. त्याने दिवाळीत प्रोजेक्टर पाठवला, तो त्याच्या मोठ्या काकांसाठी. ढुंढिराज भाऊजी, माझे थोरले दीर. वय चौऱ्याऐंशी, वेदांचे घनपाठी, आयुष्यात एकही कार्तिक इथल्या, काशीच्या पंचगंगा घाटावरच्या स्नानाशिवाय गेला नव्हता. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि डॉक्टरांनी घाटाच्या पायऱ्या बंद केल्या. आमच्या छतावरून पूर्वी नदी दिसायची. आता समोरच्या गेस्ट हाउसच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. देवदिवाळी, इथे ती कार्तिक पौर्णिमेला असते, जवळ येते आहे तसे भाऊजी कमी बोलतात. परवा एवढंच म्हणाले की पंचगंगेचे दिवे यंदा आपल्याशिवायच लागतील.

लागतील, पण भाऊजींना दिसतील. पौर्णिमेला इथलं केबल चॅनल घाटांवरून थेट दाखवतं. ते भाऊजींच्या खोलीतल्या भिंतीवर, भिंतीएवढं दाखवायचं. शब्द दिला आहे. मी दिला आहे.

प्रश्न फक्त जोडणीचा. कस्तुरी म्हणते डिजिटल, म्हणजे एचडीएमआय. मी म्हणते ॲनालॉग. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा कस्तुरीचे वडील हाफ पँटमध्ये असतील. विषय संपला.

संकल्प: कस्तुरीशी वाद घालायचा नाही. चहा दोनदाच.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वाद घातला नाही. समजावून सांगितलं. त्यात एक तास गेला.

ॲनालॉग सिग्नल सलग वाहतो. डिजिटल म्हणजे त्याचे तुकडे करून, मोजून, पलीकडे पुन्हा चिकटवायचे. ॲनालॉग तार लांब झाली तर चित्र जरा मंद होतं, पण दिसत राहतं. डिजिटल मध्येच तोंड फिरवतं आणि भिंत निळी. कस्तुरी म्हणाली, आई, हे पंचवीस वर्षांपूर्वीचं झालं. मी म्हटलं, फिजिक्सला वर्षं लागू होत नाहीत. ती बँकेची बॅग घेऊन उठली. शनिवारी बँक बंद होती. तरी उठली.

अंतराचा मुद्दा खरा आहे. केबलवाल्याचा बॉक्स बाहेरच्या खोलीत, भाऊजींची खोली चौकापलीकडे. सरळ रस्ता देवघरातून जातो. कार्तिकात देवघरातून प्लास्टिकची तार नेणार नाही. म्हणून वळसा, चौकावरून. पंधरा मीटर.

कस्तुरीने विचारलं की बॉक्सच उचलून भाऊजींच्या खोलीत का ठेवत नाही. बॉक्सची जागा ठरलेली आहे.

चहा चारदा. डोकं दुखत होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

स्वतः चौक बाजारापर्यंत चालत जाऊन तार आणली. लाल, हिरवी, निळी, तिन्ही एकत्र. दुकानदार म्हणाला, माताजी, ई सब अब कौन लेता है. मग शिडीवर चढून सगळ्यात वरच्या खोक्यातून काढली आणि फुंकर मारली. एवढी जपून ठेवलेली वस्तू चांगलीच असणार. गॅरंटी विचारली. म्हणाला, चल जाए तो आपकी, न चले तो भी आपकी. शहरात स्पष्ट बोलणारी माणसं अजून आहेत.

पंधरा मीटरची एक तार नव्हती. चार-चारच्या चार दिल्या, जोडायला नळ्या दिल्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कुरिअर आलं. कस्तुरीच्या नावाने, मला न विचारता मागवलेली डिजिटल केबल. कस्तुरी बँकेत होती. मी सही करून घेतली आणि माझ्या कपाटात, स्वेटरांखाली ठेवली. लपवली नाही. घरात दोन प्रकारच्या तारा मोकळ्या असल्या की गोंधळ होतो. एक तार सुरक्षित ठेवली, इतकंच.

रात्रीच्या जेवणाला कस्तुरी म्हणाली, कुरिअर आज यायला हवं होतं. मी म्हटलं, हल्ली कुरिअरवाल्यांचं काही खरं नाही. हे वाक्य सर्वसाधारण होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजींना विषय समजावला. त्यांच्या भाषेत सांगावं म्हणून म्हटलं, ॲनालॉग म्हणजे अखंड आणि डिजिटल म्हणजे खंडित. खंडित मूर्ती आपण पुजत नाही. मग पंचगंगा तरी खंडित का बघायची? हा युक्तिवाद मला अंघोळ करताना सुचला. बिनतोड आहे.

भाऊजींनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, इरावती, वेदाची संहिता वाहते, बरोबर. पण आम्ही ती तोडतो. एकेक पद सुटं करतो. मग दोन दोन जोडून, मग उलट, मग सुलट, पुन्हा उलट. तोडून मोजतो म्हणून एवढ्या पिढ्यांत अक्षर हललं नाही. नुसतं वाहत ठेवलं असतं तर प्रत्येकाच्या तोंडी थोडं थोडं मळलं असतं. तू ज्याला डिजिटल म्हणतेस ते हेच का?

म्हणजे विषयाचं गांभीर्य त्यांना पटलं. शेवटी नावांची अदलाबदल झाली, पण या वयात इतकं चालायचंच.

विश्वेश तिथे होता. भाऊजींचा जुना शिष्य, आता पाठशाळेत शिकवतो, रोज संध्याकाळी येतो. त्याला चहाचा ठसका लागला आणि तो चौकात जाऊन उभा राहिला. कस्तुरीही पाठोपाठ पाणी घेऊन गेली. दोघंही बऱ्याच वेळाने आले. शिकवणाऱ्या माणसाने चहा तरी नीट प्यावा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पहिली चाचणी. यशस्वी.

एक किरकोळ अडचण आली. बॉक्सला लाल, हिरवा, निळा अशी सॉकेटं नाहीतच. चित्रासाठी एकच पिवळं. बॉक्स बनवणाऱ्यांची चूक. मी डगमगले नाही. हिरवीचं एक टोक बॉक्सच्या पिवळ्यात, दुसरं प्रोजेक्टरच्या हिरव्यात. लाल आवाजाच्या सॉकेटात लावली, निळी मोकळी सोडली.

चित्र आलं. भिंतीएवढं. काळं-पांढरं.

भाऊजींना खुर्चीत बसवून दाखवलं. कुठल्याशा घाटाच्या आरतीची बातमी चालली होती. भाऊजींनी विचारलं, घाटावर ट्यूबलाइटी लावल्या का? मी म्हटलं, दिवेच आहेत. ते बरं म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, आणि हे पुजारी सगळे सुतकात आहेत का, कोणाच्याच अंगावर रंग नाही.

रंग ही सवयीची गोष्ट आहे. काळं-पांढरं डोळ्यांना शांत असतं. तरी दिव्यांच्या सणाला थोडा पिवळा असायला हरकत नाही. बघते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर वरखाली. बाहेरची खोली, चौक, भाऊजींची खोली. जोडाच्या नळ्या दाबल्या की चित्र क्षणभर उजळतं. सोडल्या की जातं. दाबून उभं राहायला माणूस ठेवता येणार नाही.

निनादचा फोन. म्हणाला, आई, बॉक्सच्या मागे एक चपटं सॉकेट आहे, तिथे एक केबल लाव, पाच मिनिटांचं काम आहे. आईला काम शिकवणाऱ्या मुलाला मी फोनवर काही बोलत नाही. फोन भाऊजींकडे दिला. बुधवारी सुट्टी आहे, येतो म्हणाला. भाऊजींना म्हणे तो घाटावर नेणार होता, डोलीत बसवून. विश्वेशचीही हीच कल्पना.

भाऊजींनी फोनवरच नाही म्हटलं. म्हणाले, बाळा, हे काशी आहे. इथे म्हातारा चौघांच्या खांद्यावरून घाटाकडे निघाला की दुकानदार गल्ला सोडून हात जोडतात. अजून माझी तेवढी तयारी नाही. चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन, आणि तेव्हा मला दिव्यांचं काही पडलेलं नसेल.

मी त्यांच्या बाजूने. डॉक्टरांनीही बंदी घातली आहे. शिवाय प्रोजेक्टर आहेच.

नंतर भाऊजी म्हणाले, इरावती, तुझ्या भिंतीवर पंचगंगा दिसली तर मी समजेन गेलो होतो.

दिसेल.

संकल्प: उद्या कुठल्याही सॉकेटला हात लावायचा नाही. जे चालतं ते चालू ठेवायचं.

१ नोव्हेंबर, शनिवार

एका सॉकेटला हात लावला. आवाज गेला. चित्र आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न आजच. चौक सारवून, रांगोळी घालून झाली आणि मग कोणालाही सांगायला लाज वाटेल असा प्रकार झाला.

भाऊजींचं सोवळ्याचं धोतर विश्वेश काठीने वर दोरीवर वाळत घालतो. कोणाचा हात लागू नये म्हणून दोरी उंच. माझी तार त्याच उंचीवर आहे. विश्वेशने आज काठीने ओलं धोतर माझ्या तारेवर टाकलं. वजनाने तार झोळीसारखी खाली आली आणि मधली नळी निसटली.

आता धोतर सोवळ्यातलं. म्हणजे तारही सोवळ्यातली. अंघोळ केल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. अंघोळ केली, ओल्या साडीने स्टुलावर चढले, नळी बसवली. खाली उतरताना दुधाच्या पिशवीला पाय लागला. पुन्हा अंघोळ. पुन्हा स्टूल. तेवढ्यात धोतराचं टोक घसरलं आणि दुसरी नळी निसटली. तिसरी अंघोळ.

कस्तुरी म्हणाली, आई, धोतर वाळू दे ना, मग काढू. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, मग नियमाप्रमाणे तारेचीही मुंज करून टाका. सगळे हसले. तुळशीसमोर हसू नये असं मी म्हटलं तेव्हा आणखी हसले.

विश्वेशला विचारलं, दोरी सोडून तारेवरच का. म्हणाला, काकू, मला वाटलं दोरी नवीन बांधली. चांगली मजबूत दिसली.

या गोष्टीचा मी सकारात्मक अर्थ घेते. तार मजबूत आहे.

सर्दी झाली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सर्दी. झोप नाही. उद्या पौर्णिमा.

चित्रावर आता आडवे पट्टे आले आहेत. खालून वर सावकाश सरकतात, लाटांसारखे. कारण मला माहीत आहे. दोन खोल्यांचं अर्थिंग वेगळं आहे. कारण माहीत असणं हे अर्धं काम असतं. भाऊजींनी पट्टे पाहून विचारलं, कार्तिकात पूर आला का? मी म्हटलं, सिग्नल वाहतो आहे हे डोळ्यांनी दिसतं आहे, डिजिटलमध्ये हे कधी दिसलं नसतं. ते म्हणाले, हे मात्र खरं.

कस्तुरीने पुन्हा केबलची गोष्ट काढली. कंपनी म्हणते गेल्या आठवड्यात सोमवारीच पोचवली, सहीसुद्धा आहे. मी म्हटलं, चौकशी करावी लागेल. ती म्हणाली, करा. आणि माझ्यासाठी काढा करून आणला. आल्याचं प्रमाण जास्त होतं.

मनात आलं की ती केबल काढून, कोणी नसताना, नुसती लावून पाहावी. तुलना म्हणून. पण तुलना करायची तर निकाल माहीत नसला पाहिजे आणि मला तो माहीत आहे. म्हणून काढली नाही.

संकल्प: उद्या शांत राहायचं. फक्त शांत राहायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार, कार्तिक पौर्णिमा

सकाळी. निनाद आला. प्रोजेक्टर बघितला. कस्तुरीकडे बघितलं आणि पोहे मागितले.

दुपारी. चित्र आहे. पट्टे आहेत. आवाज नाही. आवाजाची गरजही नाही, भाऊजींना पंचगंगेचा आवाज पाठ आहे.

साडेचार. भाऊजी स्नान करून, नवीन उपरणं घेऊन खुर्चीत बसले. प्लास्टिकची खुर्ची, हाताची. दारं बंद करून अंधार केला. चॅनल लावलं. चित्र गेलं. भिंत करडी.

मी सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं, कोणी कशाला हात लावायचा नाही. चौकात स्टुलावर चढून पहिली नळी दाबली. आतून निनाद म्हणाला, नाही. दुसरी. नाही. तिसरी. हो, नाही, हो, गेलं. भाऊजींचा आवाज आला, इरावती, राहू दे, फार तर आवाज ऐकू. त्यांना आठवण करून दिली की आवाजही नाही.

मग बॉक्सकडचं टोक. बाहेरच्या खोलीत बसून टोक काढलं, पुसलं, वळवलं, लावलं. पुन्हा काढलं. गल्लीतून माणसं पंचगंगेकडे चालली होती, नुसत्या पावलांचा आवाज. सगळं शहर खाली उतरत होतं आणि मी एका पिवळ्या सॉकेटपुढे मांडी घालून बसले होते. किती वेळ ते लिहीत नाही. मी ओरडून विचारत होते, आलं का? पहिल्यांदा निनादने नाही म्हटलं. नंतर कोणीच काही म्हटलं नाही. मला वाटलं, चित्र आलं आणि सगळे बघण्यात गुंग झाले.

आत गेले. चित्र आलं होतं. खोलीत कोणी नव्हतं. भाऊजी नाहीत. खुर्चीही नाही.

शेजारच्या पद्माताई दारात दिवे लावत होत्या. म्हणाल्या, अहो, आत्ताच गेले की सगळे, चौकाच्या दाराने. निनाद एका बाजूला, विश्वेश एका बाजूला, मध्ये खुर्चीत तुमचे भाऊजी. भट्टजी म्हणत होते, दोघांनीच धरलंय, चौघांनी नाही, आणि मी बसलेला आहे, आडवा नाही, तेव्हा कोणी हात जोडू नका. तरी मिठाईवाल्याने जोडलेच. तर भट्टजी म्हणाले, जोडलेच आहेस तर पेढा दे. तुमची सून पणत्यांची पिशवी घेऊन मागून पळत होती. तुम्ही नाही गेलात?

मी म्हटलं, प्रोजेक्टर चालू सोडून जाता येत नाही. दिवा तापतो.

आत येऊन बसले. खुर्ची नव्हती म्हणून भाऊजींच्या पलंगाच्या कडेवर. भिंतीवर घाट येत-जात होते, काळे-पांढरे, पट्ट्यांसकट. मग पंचगंगा आली. पायऱ्या, बांबूच्या टोकांवरचे आकाशदिवे, माणसांची दाटी. कॅमेरा खाली आला आणि पाण्याजवळच्या पायरीवर आमची प्लास्टिकची खुर्ची दिसली. खुर्चीत भाऊजी. कस्तुरी वाकून त्यांच्या हातात पणती देत होती. त्यांनी ती घेतली आणि लगेच पाण्यात सोडली नाही. तशीच धरून ठेवली. तोंड हलत होतं. काय म्हणत होते ते कळलं नाही. आवाज नव्हता.

चित्र स्वच्छ होतं. पट्टे होते, तरी माणूस ओळखू येत होता. मी दिलेला शब्द असा की पंचगंगा भिंतीवर दिसेल. दिसली.

मग कॅमेरा दुसऱ्या घाटावर गेला. मी बराच वेळ बसून होते, पुन्हा येतील म्हणून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊजी काल आले ते खूप बोलत आले. आज पहाटेही बोलत होते. गुडघे दुखतात, पण तक्रार नाही. त्यांना विचारलं, मला का हाक मारली नाही. म्हणाले, मारली ना, दोनदा. तू म्हणालीस, कोणी कशाला हात लावायचा नाही.

हे मी म्हटलं होतं. वर लिहिलेलं आहे.

डिजिटल केबलची चौकशी पूर्ण झाली. केबल सापडली. माझ्या कपाटात. कस्तुरीला नेऊन दिली आणि म्हटलं, सुरक्षित होती. ती म्हणाली, माहीत आहे, आई, गेल्या आठवड्यात बुधवारी तुमचा स्वेटर काढायला गेले तेव्हा बघितली. मी म्हटलं, मग काढून लावली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही द्याल म्हणून थांबले.

मी स्वेटर पुन्हा घडी करून ठेवले.

तिने बॉक्स उचलून भाऊजींच्या खोलीत नेला. केबलवाल्याची तार तिथपर्यंत आरामात पोचली. कालचं पुन्हा दाखवत होते. रंग होते, आवाज होता. दिवे पिवळे होते. भाऊजींनी बघितलं, छान म्हणाले, आणि म्हणाले, आता बंद करा, मी काल जाऊन आलो.

ॲनालॉगबद्दलचं माझं मत कायम आहे. पंधरा मीटर, तीन जोड, एक धोतर, तरी चित्र शेवटी आलं होतं.

आज दुपारी सौ. कस्तुरी हिच्या स्वाधीन केलं: प्रोजेक्टर, त्याचा रिमोट, तिची केबल, आणि तिन्ही रंगांच्या तारा नळ्यांसह. तारा नको म्हणाली. तरी दिल्या. तिने त्यातली हिरवी लगेच चौकात धोतरासाठी बांधायला घेतली.

पुढच्या कार्तिकाचं भाऊजींनी आत्ताच ठरवून टाकलं आहे. खुर्ची निनाद आणि विश्वेश धरणार. पणत्यांची पिशवी कस्तुरीकडून काढून माझ्याकडे दिली. आत कालच्या उरलेल्या सात पणत्या, वाती, अर्धी बाटली तेल.

पिशवी मिळाली.

इरावती